टाक्यांच्या पुस्तकांची निवड : ब्लँकेट प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

आमच्या गटाच्या ब्लँकेटचं ठरलं. २० सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येक चौकोनाचा टाका वेगळा, शेवटी सगळ्यांभोवती एकच काठ. टेबलावर कायम हाताशी राहतील अशी क्रोशाच्या टाक्यांची तीन पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. तीनच, कारण चौथं पुस्तक कोणी उघडत नाही.

विणणाऱ्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. कोणी आयुष्यभर बारीक दोऱ्याची लेस विणली आहे, कोणी व्हिडिओ पाहून शिकली आहे. एक काकू इंग्रजी वाचत नाहीत, पण आकृती समोर ठेवली की कोणाला काही न विचारता चार ओळी विणून मोकळ्या होतात. एकजण डावखुरी आहे. म्हणजे जे पुस्तक फक्त मला कळतं ते बाद.

शिकवणारी पुस्तकं यादीतच घेतली नाहीत. सुई कशी धरायची, पहिली गाठ कशी मारायची, हे एकदा हातात बसलं की ती पानं पुन्हा कोण बघतं? तयार कपड्यांचे नमुने देणारी पुस्तकंही नकोत. त्यांतला टाका त्या-त्या स्वेटरच्या मापाला बांधलेला असतो. आपल्याला हवा आहे सुटा टाका, पुस्तकातून उचलून पाहिजे त्या रुंदीवर नेता येईल असा. मी पुस्तकं तपासणार ती एवढ्याच नजरेने.

नोंदींत साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब हेच शब्द वापरते. साखळी म्हणजे पायाचे साधे फासे, पुढचे चार टाके क्रमाने बुटक्यापासून उंच होत जाणारे. इंग्रजी नावं घेतली की घोळ सुरू होतो. त्याबद्दल पुढे येईलच.

५ जून

टेबलावर आलेली पुस्तकं. नावं लिहीत बसत नाही, आमच्यात पडलेली नावंच पुरेत.

जाडजूड: मुखपृष्ठावर टाक्यांचा भलामोठा आकडा, चकचकीत कागद, उचलायला दोन हात.
निळं: मध्यम जाडीचं, तारेच्या बांधणीचं, फोटो लहान.
जपानी: मजकूर जवळपास नाहीच, पानभर आकृत्या.
काठांचं: फक्त किनारी.
जुनं: एकोणिसाव्या शतकातलं, फुकट उतरवून घेता येणारं.

७ जून

तपासणीची पद्धत साधी ठेवली. सगळ्या पुस्तकांत असणारा एक टाका घ्यायचा आणि प्रत्येकात तो कसा सांगितला आहे ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. त्यासाठी शेल निवडला. एक मुका खांब, दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. एका आवृत्तीला, म्हणजे नक्षी एकदा पुरी होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत, सहा टाके लागतात. पुढच्या ओळीत शेलच्या मधल्या खांबावर मुका खांब आणि मुक्या खांबावर नवा शेल, म्हणजे शेल एकाआड एक सरकतात.

जाडजूड म्हणतं: साखळ्या ६ च्या पटीत, अधिक २. निळं म्हणतं: टाके ६ च्या पटीत, अधिक १, साखळीवरून सुरू करत असाल तर आणखी १. दोन्ही बरोबर आहेत. पण दुसऱ्याने बेरीज फोडून दाखवली आहे, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथे पडतो. त्यातला पहिला १ शेवटच्या शेलला पलीकडून टेकवणाऱ्या मुक्या खांबाचा. दुसरा १ फक्त साखळीवरून वळण्यासाठीचा, तो टाक्यांत मोजायचा नाही. आमचे चौकोन साखळीवरून थेट शेलने सुरू होणार नाहीत. पायाला आधी मुक्या खांबांची एक ओळ घ्यायची आहे, म्हणजे सगळ्यांच्या कडा सारख्या घट्ट येतील. अशा वेळी साखळ्यांचा आकडा उपयोगाचा नसतो, टाक्यांचा हवा असतो. जाडजूडमधून तो काढायचा तर पहिली ओळ कोणती आहे हे आधी बघावं लागतं: मुक्या खांबांची असेल तर साखळी टाक्यांपेक्षा १ ने जास्त, खांबांची असेल तर २ ने जास्त. सवय असलेलीला हे जमतं. व्हिडिओवर शिकलेल्या मुलीला तिथेच अडायला होतं.

४ मिमीच्या सुईने तीन आवृत्त्यांची पट्टी विणून मोजली: साडेदहा सेंटिमीटर. म्हणजे एका आवृत्तीला साडेतीन. सहा आवृत्त्या घेतल्या तर २१ होतात, चौकोन मोठा. पाच घेतल्या तर साडेसतरा, आणि राहिलेले अडीच सेंटिमीटर चारही बाजूंनी मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या घालून भरून निघतात. ५ × ६ + १ = ३१ टाके. हा हिशोब निळ्या पुस्तकावरून तिथल्या तिथे झाला.

१० जून

आता तो इंग्रजी घोळ. आपण ज्याला मुका खांब म्हणतो तो अमेरिकी पुस्तकात सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. दुहेरी खांब अमेरिकेत ट्रेबल, ब्रिटनमध्ये डबल ट्रेबल. एक पायरी सरकलेली आहे आणि ती शेवटपर्यंत सरकलेलीच राहते. गंमत अशी की चुकीच्या पद्धतीने वाचूनही विणकाम होतंच, उसवत नाही. फक्त कापड भलतंच उंच किंवा भलतंच बुटकं येतं आणि शेल पंख्यासारखा उघडत नाही.

पुस्तक कोणत्या पद्धतीचं आहे हे बहुतेक वेळा सुरुवातीच्या पानांवर लिहिलेलं असतं. नसलं तर या खुणा पाहायच्या. ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द ओळीओळीत येत असेल तर पुस्तक अमेरिकी. टाका सोडण्यासाठी ‘स्किप’ असेल तर अमेरिकी, ‘मिस’ असेल तर ब्रिटिश. मापाच्या नमुन्याला ‘गेज’ म्हटलं असेल तर अमेरिकी, ‘टेन्शन’ म्हटलं असेल तर ब्रिटिश. सर्वांत पक्की खूण वळणाच्या साखळ्यांची, म्हणजे काम उलटून नव्या ओळीच्या उंचीला पोहोचण्यासाठी घेतलेल्या साखळ्यांची: ‘डबल क्रोशे’च्या ओळीआधी तीन साखळ्या घ्यायला सांगत असतील तर तो आपला खांब, म्हणजे अमेरिकी, एकच साखळी असेल तर तो मुका खांब, म्हणजे ब्रिटिश.

एकाच पुस्तकाच्या अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन्ही प्रती बाजारात असू शकतात, मुखपृष्ठही सारखंच. मागवण्याआधी आतलं एखादं पान बघायला मिळालं तर बघायचंच. जाडजूड अमेरिकी निघालं, निळं ब्रिटिश. टेबलावर दोन्ही एकत्र राहणार असतील तर आतल्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवायची.

११ जून

सुयांचे आकडे. अमेरिकी जी-६, जपानी ७/० आणि जुन्या ब्रिटिश मोजणीतली ८ नंबर, तिन्ही ४ मिमीच. टाक्यांच्या पुस्तकात सुईचा आकडा फारसा महत्त्वाचा नाही, दोऱ्याप्रमाणे आपण सुई बदलतोच. पुस्तकात मिलिमीटर दिलेत की नाही एवढं बघितलं. जुनं सोडून सगळ्यांत आहेत.

१५ जून

आज काकूंसमोर सगळी पुस्तकं ठेवली आणि आकृत्यांची परीक्षा घेतली. खरं तर परीक्षा त्यांनी पुस्तकांची घेतली.

खुणा बहुतेक सगळीकडे सारख्या असतात. अंडाकृती म्हणजे साखळी, भरीव ठिपका म्हणजे सरकता टाका, इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब, त्या टीच्या दांडीवर एक तिरपी रेघ असली की खांब, दोन असल्या की दुहेरी खांब. खांबापासून पुढे जितक्या रेघा तितक्या वेळा सुई घालण्याआधी दोरा गुंडाळायचा, म्हणजे पाठ करण्यासारखं काही उरतच नाही. मुका खांब जपानी पुस्तकात × असा, इतर दोन्हींत + असा. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही.

त्या अडल्या वेगळ्याच जागी. जाडजूडमधल्या एका व्ही टाक्याच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “अगं, हे खांब खालच्या टाक्यात घालायचे की पोकळीत?” आकृतीत खांबांचे पाय साखळीच्या वर कुठेतरी तरंगत होते. खालचा इंग्रजी मजकूर वाचून मी सांगितलं, “पोकळीत, काकू.” त्यांनी जपानी पुस्तक ओढलं. “मग यात बघ. इथे पाय सुटे काढलेत, म्हणजे पोकळीतून. आणि इथे सगळे पाय एका टोकाला जुळलेत, म्हणजे एकाच टाक्यात. वाचायला लागत नाही.”

जपानी आकृत्यांची खासियत हीच आहे. एकाच जागेतून निघणाऱ्या खांबांचे पाय जुळलेले असले तर सुई टाक्यात घालायची, सुटे असले तर साखळीच्या खालच्या पोकळीतून दोरा ओढायचा. दोन्हींनी येणारं कापड वेगळं दिसतं. टाक्यात घातलेला शेल जागचा हलत नाही, पोकळीत घातलेला थोडा सरकतो आणि खाली भोक मोठं दिसतं. शिवाय प्रत्येक आकृतीच्या खाली कंस करून किती टाक्यांत एक आवृत्ती आणि बाजूला किती ओळींत एक आवृत्ती हे दाखवलेलं आहे. कंसाबाहेर उरलेले टाके म्हणजे कडेचे. पटीत किती आणि अधिक किती, हे सगळं नजरेनेच मोजता येतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. उठावाच्या टाक्यांत, म्हणजे खालच्या खांबाच्या दांडीला समोरून किंवा मागून वळसा घालून घेतलेल्या खांबांत, जपानी खूण कापड सुलट बाजूने कसं दिसेल ते सांगते. उलट बाजूची ओळ विणताना तोच उठाव सुलट बाजूला यावा म्हणून वळसा विरुद्ध बाजूने घ्यायचा. निळ्या पुस्तकात खूण हाताने काय करायचं ते सांगते. दोन्ही पुस्तकं एकत्र वापरणाऱ्यांसाठी ही दुसरी चिठ्ठी.

ओळींना आलटून पालटून दोन रंग देणं हा निळ्या पुस्तकाचा चांगुलपणा. दाट जाळीच्या आकृतीत नजर चुकत नाही. जपानी पुस्तक काळ्या शाईतच आहे, तरी तिथे ओळ कुठून सुरू होते त्या जागी बाण आहेत.

१६ जून

डावखुरीचा प्रश्न आकृत्यांनी परस्पर सुटला. आपण उजवीकडून डावीकडे वाचतो ती सुलट ओळ डावखुरी डावीकडून उजवीकडे वाचते, बाकी काही बदलत नाही. तिरप्या नक्षीचा कल तेवढा उलटा येतो. नुसत्या मजकुराच्या पुस्तकात ‘उजव्या कोपऱ्यात दोरा जोडा’ असली वाक्यं तिला दर वेळी मनात फिरवून घ्यावी लागतात.

२० जून

आज गोळ्यांचे टाके: पफ, बॉबल, पॉपकॉर्न. यावरून पुस्तकाची अनुक्रमणिका कळते.

तिन्ही दिसायला फुगीर, विणायला अगदी वेगळे. पफमध्ये दोरा सुईवर घेऊन एकाच जागेतून लांब फासे काढत राहायचे आणि शेवटी सगळे एकदम बंद करायचे. मऊ, लोळणारा गोळा येतो. बॉबलमध्ये खांब अर्धवट सोडत जायचे, प्रत्येकाचा शेवटचा फासा सुईवर ठेवायचा, मग सगळे एकत्र बंद. गोळा घट्ट येतो. पॉपकॉर्नमध्ये पाच खांब पूर्ण विणायचे, सुई काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालून सुटलेला फासा त्यातून ओढायचा. गोळा पुढे उभा राहतो आणि दोराही सर्वांत जास्त खातो.

नावांबाबत पुस्तकांचं एकमत नाही. एका पुस्तकातला बॉबल दुसऱ्यात क्लस्टर म्हणून भेटतो. म्हणून नावावरून टाका शोधणं व्यर्थ. जाडजूडची सूची फक्त नावांची, आणि नावंही लेखिकेच्या मनची, फुलांची आणि समुद्रकिनाऱ्यांची. काल कोणीतरी विणलेला टाका आज पुन्हा शोधायचा तर पानं चाळत बसा. निळ्या पुस्तकात बांधणीनुसार विभाग आहेत: शेल, गोळे, उठाव, जाळी, लांबवलेले टाके, ओलांडलेले टाके. आणि प्रत्येक गोळ्याशेजारी तो पुरा करायची पद्धत पुन्हा छापली आहे, ‘पान अमुक बघा’ म्हणून पिटाळलेलं नाही. दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटायला लागू नये ही माझी फार जुनी मागणी आहे.

२४ जून

जाडजूडचा निकाल आज लागला. फोटो सुंदर आहेत यात वाद नाही. पण नमुने ताणून, टाचण्या लावून, वाफ देऊन टिपलेले. जाळीच्या टाक्यांना तसंच करावं लागतं, ते ठीक. उठावाच्या टाक्यांना तसं केलं तर उठावच जातो, आणि फोटोत तो खरोखर गेलेला दिसतो. कापडाची उलट बाजू एकाही पानावर नाही. ब्लँकेट दोन्ही बाजूंनी दिसणार आहे, आम्हाला ती बघायची होती.

मुखपृष्ठावरचा आकडाही तपासला. एकच लाटांचा टाका एका रंगात, दोन रंगांत, तीन रंगांत, असे तीन वेगळे टाके धरले आहेत. शेलच्या विभागात पाच खांबांचा शेल आणि सात खांबांचा शेल वेगळे. हे गाळत गेलं की पुस्तक निम्म्यावर येत नाही, पण बरंच बारीक होतं. त्यातून चौथ्या ओळीच्या शेवटी टाके मोजून बघण्याची माझी सवय. खांबांच्या ओळीत वळणाच्या तीन साखळ्या खांब म्हणून मोजायच्या की नाही, हे जाडजूड कुठे सांगतं, कुठे सांगत नाही. मोजायच्या असताना त्यांच्यावर टाका घातला नाही तर दर ओळीला कडेचा एक टाका कमी होतो आणि चौकोनाचा समलंब चौकोन व्हायला लागतो. निळं पुस्तक प्रत्येक टाक्यापाशी एका वाक्यात सांगतं. जपानीत आकृतीतच दिसतं, शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यावर उभा असतो.

जाडजूड बघायला ठेवावं, विणायला नको. रंगसंगतीसाठी कपाटात राहील.

२८ जून

जुनं पुस्तक म्हणजे तेरेझ द दिलमाँ यांचा १८८६ मधला सुईकामाचा कोश. त्यातलं क्रोशाचं प्रकरण मी हावरटासारखं वाचलं. खुणांच्या आकृत्या नाहीत. विणलेल्या कापडाची कोरीव चित्रं आहेत, इतकी बारीक की फासा कुठून कुठे गेला ते भिंगाखाली मोजता येतं. ट्युनिशियन क्रोशाही आहे, म्हणजे ओळीचे सगळे फासे लांब सुईवर साठवून मग परतताना बंद करायचा प्रकार. दोरे सगळे डीएमसीचे सुचवलेले, कारण पुस्तकाचं त्या कंपनीशी नातंच होतं. कृती मात्र सलग परिच्छेदांत, आणि टाक्यांची इंग्रजी नावं आजच्या दोन्ही पद्धतींशी जुळत नाहीत.

लेस विणणाऱ्या दोघींनी ते लगेच मागून घेतलं. टेबलासाठी नाही. फुकट आहे, ज्याला पाहिजे त्याने आपल्या फोनवर ठेवावं.

२ जुलै

काठांचं पुस्तक. टाक्यांच्या कोशांत शेवटी किनारींचा एक विभाग असतोच, मग हे वेगळं कशाला, असा प्रश्न गटात निघाला. उत्तर कोपऱ्यात आहे. कोशातली किनार सरळ पट्टीवर दाखवलेली असते. चौथ्या बाजूवरून पहिलीवर वळताना काय करायचं हे वाचणारीवर सोडलेलं. या पुस्तकात प्रत्येक किनारीची आकृती कोपऱ्यासकट आहे आणि कोपऱ्यातला टाका वेगळ्या रंगात.

कागदावर हिशोब करून पाहिला. सहा चौकोन रुंद, आठ लांब, म्हणजे १२० बाय १६०. प्रत्येक चौकोनाच्या शेवटच्या फेरीत एका बाजूला, दोन्ही कोपरे धरून, ३५ टाके असलेच पाहिजेत असं आता पक्कं केलं, मग आतला टाका कोणताही असो. वरच्या बाजूला २१०, लांबीच्या बाजूला २८०. आवडलेल्या किनारीला ४ च्या पटीत अधिक १ हवेत: २०९ आणि २८१. म्हणजे रुंदीला एक टाका गाळायचा आणि लांबीला एक वाढवायचा, दोन्ही जोडाच्या जागी, जिथे कोणाच्या नजरेला येत नाही. कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन मुके खांब. पुस्तकाने हे सगळं एका पानात सांगितलं.

५ जुलै

छापील की पडद्यावरचं, यावर फार वेळ घालवला नाही. पडद्यावर आकृती मोठी करता येते, पण अक्षरं मोठी केली की मजकूर वाहत जाणाऱ्या प्रकारच्या ई-पुस्तकांत आकृती तेवढीच लहान राहते किंवा पुढच्या पानावर पळते. पान जसंच्या तसं दाखवणारी पीडीएफ चालते. टेबलासाठी छापीलच, आणि तारेची बांधणी नसेल तर पान दाबून धरायला वजन. निळ्या पुस्तकाची शुद्धिपत्रिका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर होती, त्यातल्या दुरुस्त्या पेन्सिलीने आत करून घेतल्या.

९ जुलै

टेबलावर: निळं, जपानी, काठांचं. निळ्यात ‘ब्रिटिश नावं’ आणि जपानीत ‘उठावाची खूण सुलट बाजूची’ अशा चिठ्ठ्या लावल्या. काकूंनी जपानीतल्या ओलांडलेल्या खांबांच्या पानावर आधीच दोरा अडकवून ठेवला आहे. आवृत्ती ४ टाक्यांची, कडेला दोन जादा. ३१ त बसत नाही, ३० त बसते. त्या म्हणाल्या, “३० विणते, एक टाका पहिल्या फेरीत वाढवते.” वाढवायची जागा निळ्यातल्या त्या टाक्याच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली, पुढची तो चौकोन घेईल तेव्हा लागेल.